आधी आवाज, मग चित्र

प्रिय पोरी,

काल तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. तू विचारलंस, "सर, मुलांच्या डिजिटल कथांसाठी कोणतं ॲप चांगलं?" आणि मग जरा चाचरत, "आधी त्यांची भाषा सुधारून घेऊ का? कॉलेज तपासायला नॅकची टीम येणार आहे." आपली छोटी गोष्ट रेकॉर्ड करायची आणि तिच्यावर चित्रं लावायची, एवढ्यासाठी ॲपचं उत्तर सोपं आहे: नेटशिवाय चालेल ते कोणतंही घे. भाषेसाठी हे पत्र लिहितोय.

बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं कथेची सुरुवात अशी केली होती: "माह्या मायचे बोटं पाह्यले का तुमी?" आई मजुरीनं कापूस वेचायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुतून कातडं फाटायचं, आणि संध्याकाळी पीठ मळताना मीठ झोंबायचं. मी लाल पेन घेतला, ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "माझ्या आईच्या बोटांवर श्रमाच्या खुणा आहेत." आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती, परीक्षक बाहेरचे होते, पोरीचं हसं होऊ नये असं वाटलं. मनापासून वाटलं, हे आजही सांगतो. तिनं माझं वाक्य बिनचूक वाचलं, पण त्यात जीव नव्हता. मग मी काय केलं? शहरात शिकलेल्या दुसऱ्या मुलीच्या आवाजात ते रेकॉर्ड केलं. बक्षीस मिळालं. जिच्या मायची बोटं होती, ती त्यानंतर माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बसू लागली.

म्हणून तुला बजावतो, आधी आवाज. त्यांचा स्वतःचा आवाज.

जो लॅम्बर्ट आणि डॅना ॲचली यांनी १९९४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला डिजिटल कथांच्या कामाचं केंद्र उभं केलं, तेव्हापासून त्यांच्या कार्यशाळांत साधीच माणसं येत आली. त्यांनी पुढे जे सात घटक मांडले, त्यातला एक म्हणजे सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज. हे तू वाचलेलं आहेस, सेमिनारमध्ये बोललीही आहेस. मग वर्गात शिरलं की विसर का पडतो? २००१ साली बीबीसीनं कार्डिफ विद्यापीठाच्या साथीनं वेल्समध्ये हेच केलं, तिथंही लोकांनी आपापल्या गोष्टी आपल्याच तोंडानं सांगितल्या. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांनी कीर्तन वऱ्हाडीत केलं. लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरं घेत. त्यांची भाषा कुणी आधी सुधारून घेतली होती का?

तू आता असं कर. आठ-दहा पोरं गोल बसव, फोन बंद. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये न बोलता ऐकायचं, तूसुद्धा. मग लिहू दे, अडीचशे शब्दांच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच मिनिटं होतात. रेकॉर्डिंगला पंखा बंद कर, खिडकीवर गोधडी टाक. मग चित्रं, दहा-बारा पुरे. ज्याचा फोटो त्याची परवानगी, हे विसरू नको. गुण देताना संहिता आणि आवाज बघ, सरकत्या अक्षरांना अर्धाही गुण देऊ नको. आणि ती बासरी! प्रत्येक पोर गावाचा विषय निघाला की इंटरनेटवरची बासरी लावतं. काढून टाक. गावात बासरी कोण वाजवतं? पहाटे बोअरची मोटर वाजते, ती राहू दे.

हे फक्त मराठीच्या तासाचं काम आहे, असंही समजू नको. अर्थशास्त्राच्या एका पोरानं आजोबांची कापूस एकाधिकार खरेदीची पावती समोर ठेवून गोष्ट केली. योजना १९७२ पासूनची, पाठ्यपुस्तकात तिला एक परिच्छेद. पोराच्या गोष्टीत आजोबा केंद्रावर रांगेत बंडीखाली तीन रात्री झोपलेले, बैलांचा चारा संपलेला, आणि पैसे कधी हातात येतील याचा पत्ता नाही. सरकार एकटंच खरेदीदार असलं की भाव कोण ठरवतो, यावर त्या दिवशी वर्ग तासभर भांडला. मी तीस वर्षं फळ्यावर आलेख काढले, असं भांडण एकदाही झालं नाही. पण तो पोरगा "बंडी"च म्हणाला होता, बैलगाडी नाही. तेव्हा मी पेन खिशातून काढला नाही.

तासिका तत्त्वावर असलीस की विभागप्रमुखांना नाही म्हणणं किती जड जातं, हे मला कळतं. मी कायम नोकरीत होतो, तरी परीक्षकांना भ्यालो. तू घाबरलीस तर मी रागावणार नाही. पण प्रमाण मराठी हवीच असेल तर खाली उपशीर्षकं दे. आवाजाला हात लावू नको.

त्या मुलीचा कागद माझ्याकडे अजून आहे, लाल शाईसकट. फोटो पाठवतो. सोमवारी रेकॉर्डिंग झालं की चित्रं लावायच्या आधी मला ऐकव.

तुझा,
सर