वाचकांचे प्रश्न : गरुड आणि तायगान

प्रश्न : किर्गिझ शिकारी सोनेरी गरुड आणि कुत्रा, दोन्ही बरोबर घेऊन निघतात, असे वाचनात आले. गरुड त्या कुत्र्यावरच झडप कशी घालत नाही? आणि ही शिकार आजही खरोखर होते की केवळ पर्यटकांना दाखवली जाते?

उत्तर : किर्गिझस्तानातील या परंपरेला ‘सालबुरून’ म्हणतात. आपली शंका रास्त आहे, कारण शिकारीसाठी सहसा गरुडाची मादी निवडतात, ती नराहून मोठी व ताकदवान असते आणि कोल्ह्याला सहज जखडते. म्हणून माणूस, घोडा व कुत्रा यांचा सहवास तिच्या अंगवळणी पाडण्यातच सुरुवातीचा बराच काळ जातो. पुढे कोल्ह्याचे कातडे दोरीला बांधून घोड्यामागे फरफटत नेतात आणि त्यावर झेपावल्याबद्दल तिला मांस देतात. त्यामुळे कशावर झेपावल्यास खायला मिळते, हे तिच्या मनात पक्के होते. तिच्या डोळ्यांवरची ‘तोमोगो’ ही चामड्याची टोपी शिकारी सावज नजरेच्या टप्प्यात आल्यावरच काढतो. तरीही गरुड कुत्र्यासारखा माणसाळत नाही, त्यामुळे थोडा धोका उरतोच.

तायगान हा उंच, सडपातळ, नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा असून तियानशान पर्वतरांगांच्या विरळ हवेतही त्याचा दम टिकतो. दडलेल्या सावजाला उघड्यावर आणण्याचे काम त्याचे. (‘मानस’ या किर्गिझ महाकाव्याच्या नायकाजवळही कुमायिक नावाचा शिकारी कुत्रा आणि आकशुमकार नावाचा ससाणा आहेच.)

आता दुसरा प्रश्न. शिकार होते, पण प्रात्यक्षिकांचे प्रमाण मोठे आहे, विशेषतः इसिक-कूल सरोवराच्या दक्षिण काठावरील बोकोनबायेवो परिसरात. 2014 मध्ये चोलपोन-अता येथे सुरू झालेल्या जागतिक भटक्या जमातींच्या क्रीडास्पर्धांत गरुड सोडण्याच्या आणि तायगानांच्या शर्यतीच्या स्पर्धा होतात, तर 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीतील शिकारी पक्षी पाळण्याच्या वारशात किर्गिझस्तानचाही समावेश झाला. या प्रसिद्धीमुळे तरुणांना पक्षी बाळगणे परवडू लागले असेल, तर ते चांगलेच. मात्र सपाट मैदानावर कातड्यामागे पक्षी सोडणे आणि बर्फातील ठसे वाचत डोंगरउतारावर कोल्हा शोधणे, यांत फार अंतर आहे, असे आमचे मत आहे.

खरी शिकार पाहायची असल्यास हिवाळाच निवडावा : तेव्हा कोल्ह्याची लव दाट असते आणि बर्फावर माग स्पष्ट उमटतो. उन्हाळ्यात गरुड जुनी पिसे टाकत असल्याने त्याला शिकारीवर नेत नाहीत. त्या दिवसांत पर्यटकांना दिसते ते प्रात्यक्षिकच.