लोकप्रिय कादंबरीकार पुस्तकाच्या सुरुवातीला जुन्या साहित्यातलं वाक्य का टाकतात? नुसता भाव खायला?

थोडा भाव असतोच. पण मारिओ पुझोचा 'गॉडफादर' (1969) उघडून बघा. आत फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या नावावर एक वाक्य आहे: प्रत्येक मोठ्या संपत्तीमागे एक गुन्हा असतो. कादंबरीतल्या माफिया घराण्याचं, कॉर्लिओनेंचं, नावही अजून आलेलं नाही आणि वाचकाच्या मनात शंका पेरून झाली!

गंमत पुढे आहे. बाल्झाकने असं लिहिलंच नव्हतं. त्याच्या 'पेर गोरिओ' या कादंबरीत वोत्रँ नावाचा फरार कैदी म्हणतो, ज्या मोठ्या संपत्तीचं उघड कारण दिसत नाही, तिचं रहस्य म्हणजे विसरला गेलेला गुन्हा. विसरला गेला, कारण तो सफाईने केला होता. म्हणजे आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात दोन पिढ्या राबून हळदीवर पैसा केलेला व्यापारी बाल्झाकच्या तावडीतून सुटतो, पुझोच्या नाही. 'उघड कारण दिसत नाही' ही अट गेली आणि वाक्याला धार आली. खरं सांगायचं तर कादंबरीला ही कापलेली आवृत्तीच शोभते. शिवाय मूळ वाक्य एका बदमाशाच्या तोंडचं, हे कोण सांगतंय!

स्कॉटिश कादंबरीकार वॉल्टर स्कॉट तर याहून पुढचा. प्रकरणाच्या डोक्यावर टाकायला मनासारखी ओळ सापडली नाही, की तो स्वतःच रचायचा आणि खाली ठोकून द्यायचा, 'जुने नाटक'. त्यामुळे अवतरण आवडलं, तर मूळ पुस्तकात एकदा शोधाच.