कोटींचे आकडे आणि ‘आधार’चा आधार

बेकायदा स्थलांतराबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत.

चॅनेलवरच्या चर्चेत एक प्रवक्ता म्हणतो दोन कोटी बांगलादेशी घुसलेत, दुसरा म्हणतो हा निव्वळ बागुलबुवा आहे. नेमके किती? (दादर)

मोजून काढलेला आकडा नाही. संसदेत सांगितलेले आकडे मात्र आहेत, आणि त्यांची कुंडली पाहण्यासारखी आहे. १९९७ मध्ये गृहमंत्री इंद्रजित गुप्त यांनी एक कोटीच्या आसपास असे सांगितले. ते कम्युनिस्ट पक्षाचे होते, हे आजच्या चर्चेत कुणाला आठवत नाही. जुलै २००४ मध्ये काँग्रेसचे गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी १ कोटी २० लाख सांगितले. त्यात पश्चिम बंगालचे ५७ लाख आणि आसामचे ५० लाख होते. ओरड झाल्यावर काही दिवसांतच हे आकडे भरवशाचे नाहीत, ऐकीव माहितीवर आहेत असा खुलासा झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये भाजपचे किरेन रिजिजू यांनी सुमारे दोन कोटी सांगितले. त्यानंतर त्याच सरकारने संसदेत अनेकदा उत्तर दिले की, हे लोक कागदपत्रांशिवाय आणि चोरून येतात, त्यामुळे अचूक आकडेवारी नाही.

याच्या शेजारी जनगणना ठेवा. ‘आधीचे वास्तव्य बांगलादेशात’ असे सांगणारे २००१ मध्ये सुमारे ३१ लाख होते, २०११ मध्ये सुमारे २३ लाख. फाळणीच्या आणि १९७१ च्या वेळी आलेली पिढी वयाने संपत चालली, हे घट होण्याचे मोठे कारण. पण चोरून आलेला माणूस प्रगणकाला खरे कशाला सांगेल? म्हणून जनगणनेचा आकडा कमी पडणार हे धरून चालावे, मंत्र्यांचा आकडा मोजणीवर उभा नाही हेही धरून चालावे. दोन्हींची सरासरी काढून ‘खरा आकडा’ मिळत नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. १९७१ च्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांतले बहुतेक परत गेले. त्या ‘एक कोटी’चा आजच्या आकड्याशी संबंध नाही. तरी फलकावर तो बिनदिक्कत चढतो.

आमच्या सोसायटीत रंगकामाला आलेले सहा मजूर आपसात बंगालीत बोलतात. समितीतले काही म्हणतात पोलिसांत द्या, काही म्हणतात आधार पाहिले, विषय संपला. सचिव म्हणून मी काय करू? (मुलुंड)

दोन्ही गट चुकताहेत. मुर्शिदाबाद, मालदा, नदिया या पश्चिम बंगालच्या, म्हणजे आपल्याच, सीमावर्ती जिल्ह्यांची बोली पलीकडच्या बांगलादेशातल्या राजशाही-कुश्तियाच्या बोलीला लागून आहे. बंगाली मुसलमान सीमेच्या दोन्ही बाजूंना ‘जल’ऐवजी ‘पानी’ म्हणतात. तेव्हा भाषेवरून देश ओळखणे म्हणजे बेळगावच्या माणसाला मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राचा रहिवासी ठरवण्यासारखे.

आधारचेही तेच. आधार हा ओळखीचा पुरावा आहे. अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेल्या कुणालाही तो मिळू शकतो, आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही हे त्याच्या कायद्यातच लिहिले आहे. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असले म्हणजे माणूस आपोआप नागरिक होत नाही, असे ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही एका जामीन अर्जावर म्हटले.

राष्ट्रीयत्व ठरवणे सोसायटीचे कामच नाही. सोसायटीने करायचे ते असे. काम ठेकेदाराला लेखी द्या. मजुरांची यादी त्याच्याकडून, त्याच्या सहीनिशी घ्या: नाव, गाव, पोलीस ठाणे, जिल्हा, मोबाइल, फोटो. आधार दाखवले तर त्यावरचा क्यूआर कोड आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ॲपने स्कॅन करा. त्यातली माहिती डिजिटल सहीची असते, त्यामुळे फोटो चिकटवलेले किंवा नाव बदललेले कार्ड तिथे उघडे पडते. तसे सापडले तर ठाण्यात कळवा, कारण बनावट कागद हा तुम्हाला प्रत्यक्ष दिसलेला गुन्हा आहे. ‘बंगालीत बोलतात’ हा गुन्हा नाही. मूळ कागद ठेवून घेऊ नका, कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आणि पोलीस येईपर्यंत कुणाला मीटर रूममध्ये कोंडलेत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल.

कुणा सदस्याने खोली भाड्याने दिली असेल तर भाडेकरूची माहिती मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर भरणे आणि लीव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे ही मालकाची जबाबदारी. भाडेकरू परदेशी असेल तर त्याची माहिती २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवावी लागते (पूर्वीचा ‘सी फॉर्म’). बेकायदा स्थलांतरावर तावातावाने बोलणारे किती फ्लॅटमालक हे करतात, ते एकदा आपल्याच इमारतीत तपासून पाहा.

आणि तो ठेकेदार. छाप्याच्या बातमीत तोंडावर फडके बांधलेले मजूर रांगेत दिसतात. त्यांना स्वस्तात आणणारा, झोपायला जागा देणारा, मजुरीतून कापून घेणारा मुकादम कधी रांगेत दिसला आहे का? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात पाच किंवा जास्त मजूर परराज्यातून आणणाऱ्या ठेकेदाराला परवाना लागत असे. तो परवाना नाक्यावर कुणी विचारला नाही, आणि चॅनेलने तर नाहीच नाही.

‘अमुक इतके बांगलादेशी पकडले’ अशी बातमी येते. मग पुढे काय होते? (कुर्ला)

इथेच सगळी गोम आहे. ‘संशयित’, ‘अटक’, ‘दोषी’ आणि ‘परत पाठवले’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. मथळा पहिल्या पायरीचा असतो आणि वाचणारा चौथी समजतो.

पोलीस ठाण्यातला दहशतवादविरोधी कक्ष, म्हणजे एटीसी, चौकशी करतो. कागद, गावाचा पत्ता, नातेवाईक, मोबाइलवर ८८० ने सुरू होणारे, म्हणजे बांगलादेशचे, क्रमांक हे सगळे पाहिले जाते. माणूस बंगाल किंवा दुसऱ्या राज्याचा पत्ता सांगत असेल तर तो त्या जिल्ह्याकडे पडताळणीला जातो. मे २०२५ च्या केंद्राच्या सूचनांनुसार उत्तराला ३० दिवस. गुन्हा नोंदवला तर खटला चालतो. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या स्थलांतर व परदेशी नागरिक कायद्यात वैध कागदांशिवाय प्रवेशाला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. खटला चालू असेपर्यंत परत पाठवणी सहसा अडते. म्हणून काही वेळा खटला न भरता थेट सीमा सुरक्षा दलाच्या हवाली केले जाते. हा जलद मार्ग, आणि चूक झाली तर सर्वांत महाग. जून २०२५ मध्ये मीरा रोडहून उचललेल्या पश्चिम बंगालच्या एका गवंड्याला सीमेपलीकडे ढकलले गेले, आणि बंगाल सरकारने कागद दाखवल्यावर परत आणावे लागले.

आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने त्या माणसावर आहे, जुन्या कायद्यातही आणि नव्यातही. पण जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, आधी सरकारकडे संशयाला काही ठोस सामग्री हवी; कुणालाही रस्त्यावरून उचलून ‘सिद्ध कर’ म्हणता येणार नाही.

अडथळा पलीकडेही आहे. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले की राष्ट्रीयत्व पडताळणीची २,३६० हून अधिक प्रकरणे बांगलादेशकडे पडून आहेत, काही पाच वर्षांपासून. हा आकडा चर्चेत येत नाही, कारण त्याला हातकडी घालून कॅमेऱ्यापुढे उभे करता येत नाही.

मग दुटप्पी कोण? प्रत्येक पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवतो. (गिरगाव)

आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा. ऑगस्ट २००५ मध्ये ममता बॅनर्जी यांनी बंगालमधल्या घुसखोरीवर बोलू दिले नाही म्हणून लोकसभेत उपाध्यक्षांच्या आसनाकडे कागद भिरकावले. तेव्हा राज्यात डावे सत्तेवर होते. आज त्यांची भूमिका तुम्ही जाणताच. काँग्रेसने १९८३ मध्ये आसामसाठी असा कायदा केला की परदेशी ठरवणेच अवघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने तो २००५ मध्ये रद्द केला. भाजपने आसामातल्या नागरिक नोंदवहीचा (एनआरसी) आग्रह धरला. ३१ ऑगस्ट २०१९ ला १९ लाख ६ हजार ६५७ लोक बाहेर राहिले, त्यांत बंगाली हिंदूही बरेच निघाले, तेव्हा पहिला आक्षेप तिथल्या भाजप नेत्यांचाच. १७ ऑगस्ट २०२२ ला तर एका केंद्रीय मंत्र्याने रोहिंग्यांना दिल्लीत सदनिका देण्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी गृहमंत्रालयाने ते फेटाळले.

मुंबईही मागे नाही. १९९५ च्या निवडणुकीत शिवसेना-भाजपने बांगलादेशींना हाकलण्याचे वचन दिले. १९९८ मध्ये काहींना कुर्ला-हावडा गाडीने पाठवले, तर पश्चिम बंगालमधल्या उलुबेडिया स्थानकावर डाव्या आघाडीतल्या फॉरवर्ड ब्लॉकच्या लोकांनी त्यांना सोडवून नेले. एकाने पाठवल्याचे श्रेय घेतले, दुसऱ्याने सोडवल्याचे. त्यांतले खरे भारतीय किती होते हा प्रश्न दोघांच्याही भाषणात नव्हता.

माझी आई १९६२ ची, जन्म परळचा, पण नोंद सापडत नाही. आता ‘उशिरा नोंद’ म्हटले की सगळे संशयाने बघतात. (लालबाग)

घाबरू नका. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे. आईवडिलांचे राष्ट्रीयत्व पाहिले जात नाही, अपवाद अगदी थोडे. आईचा शाळा सोडल्याचा दाखला, असेल तर रुग्णालयाची नोंद, जुने रेशनकार्ड आणि आजोबांची गिरणीतली कागदपत्रे आधी गोळा करा. मग महापालिकेच्या विभाग कार्यालयातून नोंद आढळत नसल्याचा लेखी दाखला घ्या. वर्षापेक्षा जास्त उशीर असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून आदेश जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी किंवा अधिकृत कार्यकारी दंडाधिकारी देतात. मालेगावात उशिरा नोंदीच्या वाटेने बांगलादेशी-रोहिंग्यांना जन्मदाखले दिल्याच्या आरोपांनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्याने ही कामे थांबवली होती. आता ती पोलीस पडताळणी आणि जाहीर सूचनेसह होतात, त्यामुळे वेळ लागेल.

एजंट ‘आठ दिवसांत करून देतो’ म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याचा कागद उद्या खोटा ठरला तर गुन्हा आईच्या नावावर लागेल.