फी भरायच्या आधी हे बघ
साल्साचा क्लास निवडण्याआधी तिथल्या सोशलला, म्हणजे सगळे जमून मोकळेपणी नाचतात त्या पार्टीला, एकदा जाऊन नुसती बसून बघ. जुने विद्यार्थी अनोळखी जोडीदाराबरोबर सहज नाचतायत का, की पाठ केलेलं रूटीनच करतायत? स्टेजवरचा नाच वेगळा, हा वेगळा. मला हे फार उशिरा कळलं.

मग ट्रायल क्लास कर. जोडीदार सारखे बदलायला लावतात ना, ते बघ. एकाच हाताची सवय झाली की लीड-फॉलो, म्हणजे एकाने इशारा द्यायचा आणि दुसऱ्याने तो ओळखून नाचायचं, ते अंगात येत नाही. साल्सात साधारणपणे आठच्या मोजणीतल्या चौथ्या आणि आठव्या काउंटवर पाऊल टाकत नाहीत. नवशिके नेमके तिथेच घाई करतात. तेव्हा शिक्षक थांबून, हात धरून ताल पकडून देतात का? माझ्या लेखी हीच खरी परीक्षा.

आणि नाचायला दिलेला नकार जिथे सहज घेतला जात नाही, तिकडे फिरकूसुद्धा नकोस.