आर्क्टिक सरोवरांत मासे भरपूर दिसतात, तरी कोटा एवढा कमी का?

तुमचा प्रश्न: उत्तर कॅनडातल्या सरोवरांवर माणूस फारसा फिरकत नाही, मासे हातभर लांब, मग वर्षाला किती धरायचे हे कसं ठरवतात आणि आकडा इतका छोटा का?

मी तिकडच्या माशांची वयं मोजायचं काम करते, म्हणून वयापासूनच सांगते. ढोमा खाताना डोक्यात पांढरा खडा लागतो ना? तो त्याच्या कानातला. लेक ट्राउट आणि आर्क्टिक चार या तिकडच्या दोन जातींच्या माशांच्याही कानात असा खडा असतो, फक्त खूप बारीक. तो कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात, वर्षाला एक. पूर्वी वय खवल्यांवरून काढत. पण म्हाताऱ्या माशाची वाढ मंदावली की खवल्याच्या कडेची वलयं एकमेकांत मिसळतात आणि चाळिशीचा मासा पंधरा वर्षांचा वाटू शकतो.

ही चूक फार महागात पडते. माशाच्या कमाल वयावरून मरणाचं प्रमाण काढणारं संशोधक होनिग यांचं 1983 चं एक सूत्र आहे. त्यात कमाल वय 15 घातलं, तर दरवर्षी शंभरातले सुमारे 25 मासे आपोआप मरतात असं निघतं. 40 घातलं तर जेमतेम 11. कोटा या नैसर्गिक मरणाच्या प्रमाणावर बेतला, तर वय चुकल्याने तो दुपटीहून जास्त ठरतो.

एकूण मासे मोजायला खुणा करून सोडतात. समजा 500 माशांना टॅग लावले आणि नंतर धरलेल्या 400 मध्ये 20 टॅगवाले सापडले, म्हणजे दर वीस माशांत एक, तर एकूण माशांचा अंदाज 500 च्या वीसपट, 10,000.

आता तुम्ही म्हणता ते मोठे मासे. जिथे कधी जाळं पडलेलं नाही तिथे कित्येक दशकांचे मासे साचलेले असतात. पहिल्या वर्षी जाळी भरून येतात, पण तेवढे मासे दरवर्षी तयार होत नसतात. पाणी थंड, खाद्य तुटपुंजं, आणि मादीही दरवर्षी अंडी घालतेच असं नाही. भरलेल्या जाळ्यावरून कोटा ठरवायला माझा ठाम विरोध आहे.

उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशात केंब्रिज बे हे गाव आहे. तिथे आर्क्टिक चारची व्यापारी मासेमारी 1960 मध्ये गावाजवळच्या ओढ्यावर सुरू झाली आणि 1962 मध्येच ती एकालुक नदीवर हलवावी लागली. तिथेही माशांचं सरासरी वजन घटू लागलं, तेव्हा कुठे प्रत्येक नदीचा वेगळा कोटा आला. हा आर्क्टिक चार मासा उन्हाळ्यात समुद्रात जातो आणि हिवाळा सरोवरात काढतो. कोणता कळप कुठल्या सरोवरात उतरतो हे आम्हाला टॅग लावून शोधावं लागतं, तिथल्या इनुइट (मूळ रहिवासी) जाणत्यांना ते आधीच ठाऊक असतं. नुनावुतमध्ये इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या 1993 च्या करारामुळे कोटा ठरवताना इनुइटांचंही म्हणणं घ्यावं लागतं.