आमच्या माघारी वावर कोण बघणार?

"ताई, पोरगं पुण्याला गेलं. आता आमच्या माघारी वावर कोण बघणार?" मी समुपदेशक; नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडचे वडील हे मला नेहमी विचारतात. त्यातल्याच एका काकांची ही गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून.

तीन एकर द्राक्षबाग, थोडा कांदा. काकांची झोप उडाली होती, जेवण कमी झालं होतं. जगणं नकोसं वाटतं का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारलं. ते "कधीमधी" म्हणाले. डॉक्टरांकडे पाठवलं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्या फोनमध्ये भरून दिला. उठताना म्हणाले, "त्याला मातीची लाज वाटते."

पुढच्या भेटीला मुलगा चाकणहून रात्रपाळी करून थेट आला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, त्या रात्री अप्पाच म्हणाले होते, शेतीत काही राह्यलं नाही, नोकरी धर. मी धरली. आता मीच वाईट?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हणलो होतो," एवढंच बोलले.

अशा घरांत मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. पोराला बापानेच पाठवलेलं असतं, म्हणून त्याच्या जाण्याचं दुःख बोलून दाखवता येत नाही. ते रागातून बाहेर पडतं. आणि पोरगं अपराधी वाटून फोन टाळतं. लाज वगैरे काही नसते.

"माघारी" हा पुढचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. यंदा काय जड जातं, ते विचारलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारणी, रात्रीसुद्धा. काकांचे गुडघे साथ देत नव्हते. मुलाने छाटणीच्या दिवसांत रजा घ्यायची ठरवली. पेठ-सुरगाण्याच्या मजूर टोळीशी बोलणं आणि व्यापाऱ्याचा हिशेब त्याने फोनवरून करायचं ठरलं. (त्या टोळीतल्या पोरांचे आईबापही गावी वाटच बघत असतात, हे काकांनीच मला सांगितलं.)

एक एकर बाग मात्र तोडावी लागली. मुलगा पहिलीत असताना लावलेली. त्या दिवशी दोघंही बांधावर होते.

काकांची झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही, औषध चालू आहे. पण संध्याकाळी फोन येतो आणि पहिला प्रश्न पैशांचा नसतो. मुलगा विचारतो, "अप्पा, आभाळ आलंय का?"