मालिकेवर रागावण्याचा हक्क

प्रश्न : एक दीर्घ मालिका मी पहिल्या भागापासून पाहत होतो. तिच्यातील माझ्या सर्वांत आवडत्या व्यक्तिरेखेचा अचानक मृत्यू दाखवला आणि तेव्हापासून मला ती मालिका पाहवत नाही. काल्पनिक माणसाचे एवढे मनाला लावून घेऊ नये, असे घरातले म्हणतात. मला दुःख झाले आहे की राग आला आहे, हेही नीट सांगता येत नाही. ही मालिका सोडून द्यावी का?

उत्तर : घरातल्यांचा आक्षेप नवा नाही, आणि त्याचे उत्तरही नवे नाही. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी 1956 मध्येच हे मांडले होते की, पडद्यावरच्या व्यक्तींशी प्रेक्षकाचे जे एकतर्फी नाते जुळते, ते त्याला समोरासमोरच्या ओळखीसारखेच वाटते. यात नवल वाटण्याचे कारण नाही. ठरलेल्या वेळी घरात येणारा, अगदी जवळून दिसणारा, इतरांपासून लपवलेले आपल्यासमोर बोलून दाखवणारा चेहरा आपण वर्षानुवर्षे पाहिला, तर त्याच्याविषयी जिव्हाळा वाटणारच. तो माणूस खरा नाही हे तुम्हाला ठाऊक होते आणि तरीही तुम्हाला वाईट वाटले. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

खरा महत्त्वाचा आहे तो तुमचा दुसरा प्रश्न, दुःख की राग हा. त्यासाठी दोन जुन्या अमेरिकी मालिकांची उदाहरणे देतो. कोरियातील युद्धाच्या आघाडीवरचे लष्करी रुग्णालय दाखवणाऱ्या ‘मॅश’ या विनोदी मालिकेत कर्नल हेन्री ब्लेक ही अत्यंत लोकप्रिय व्यक्तिरेखा होती. 18 मार्च 1975 रोजी प्रसारित झालेल्या भागात ब्लेकची सेवेतून मुक्तता होते, सहकारी त्याला हसत-रडत निरोप देतात, आणि भाग संपला असे वाटत असतानाच त्याचा साहाय्यक शस्त्रक्रियेच्या खोलीत येऊन संदेश वाचून दाखवतो, की ब्लेकचे विमान समुद्रावर पाडण्यात आले असून कोणीही वाचलेले नाही. पटकथेचे हे शेवटचे पान बहुतेक कलाकारांनाही चित्रीकरणाच्या अगदी आधीपर्यंत दाखवलेले नव्हते. संतापलेल्या प्रेक्षकांनी पत्रे लिहिली, आणि त्यांची वेदना मला पूर्णपणे समजते. आज शेवट माहीत असूनही त्या खोलीतली शांतता मला सहन होत नाही.

दुसरे उदाहरण ‘डॅलस’चे. 1985 मध्ये या मालिकेतील बॉबी यूइंग मरण पावला आणि त्याच्या माघारी आणखी एक संपूर्ण पर्व दाखवले गेले. 1986 मध्ये तोच बॉबी स्नानगृहात जिवंत दिसला आणि पुढे असा खुलासा करण्यात आला की, त्याचा मृत्यू आणि त्यानंतरचे ते सारे पर्व म्हणजे त्याच्या पूर्वपत्नीला पडलेले स्वप्न होते. येथे लाडकी व्यक्तिरेखा परत मिळाली होती, तेव्हा प्रेक्षकांनी आनंदच मानायला हवा होता. मला मात्र हा खुलासा ब्लेकच्या मृत्यूपेक्षा कितीतरी अधिक दुखावणारा वाटतो, कारण त्या एका पर्वात प्रेक्षकांनी जे जे सोसले, जी काळजी केली, ती सारी एका वाक्यात रद्द झाली.

लक्षात घ्या, दोन्ही ठिकाणी मूळ कारण कथेबाहेरचेच होते. ब्लेकची भूमिका करणारे मॅकलीन स्टीव्हन्सन मालिका सोडत होते. बॉबीची भूमिका करणारे पॅट्रिक डफी आधी सोडून गेले आणि नंतर परतले. म्हणून ‘नट गेला म्हणून पात्राला मारले’ एवढ्यावरून लेखकाला दोष देणे मला पटत नाही. बाहेरून आलेल्या अडचणीचे लेखकाने काय केले, हे पाहावे. ‘मॅश’च्या लेखकांनी तिच्यातून युद्धाचे सत्य दाखवले: घरी निघालेला प्रत्येक जण घरी पोहोचतोच असे नाही. पूर्वसूचना नव्हती, परंतु तो मृत्यू त्या कथेच्या जगाचा नियम पाळणारा होता. ‘डॅलस’मध्ये तो नियमच मोडला गेला.

तेव्हा मालिका सोडण्यापूर्वी त्या मृत्यूनंतरचे चार-पाच भाग पाहा आणि मागे राहिलेल्या पात्रांकडे लक्ष द्या. त्यांच्या बोलण्यात, निर्णयांत, एकमेकांशी असलेल्या संबंधांत त्या जाण्याने फरक पडला असेल, तर तुम्हाला झाले ते दुःख आहे, आणि ते सोसूनही पाहण्यासारखे पुढे पुष्कळ असेल. दोन भागांत सारे जण त्याला विसरून नव्या लग्नाच्या तयारीला लागले असतील, तर तुमचा राग रास्त आहे. अशी मालिका निःसंकोच सोडावी.

प्रश्न : माझ्या आवडत्या मालिकेत योगायोगांचा सुळसुळाट आहे. हरवलेली भावंडे भेटतात, स्मृती जाते आणि ऐन वेळी परत येते. हे सारे अशक्य आहे हे मला कळते, तरीही मी रडते. माझी अभिरुची बिघडली आहे का?

उत्तर : मुळीच नाही. याच ‘डॅलस’विषयी इएन आंग या अभ्यासिकेने नेदरलँड्समधील एका महिला मासिकात छोटे निवेदन देऊन, ही मालिका का आवडते किंवा का आवडत नाही ते कळवण्याची वाचकांना विनंती केली होती. आलेल्या 42 पत्रांवर तिने पुस्तक लिहिले. तेलसम्राटांचे वाडे आणि कारस्थाने यांच्याशी त्या पत्रलेखकांच्या आयुष्याचा काहीच संबंध नव्हता, तरीही अनेकांना मालिका खरी वाटत होती. आंगने त्याला भावनिक वास्तव म्हटले. घटना अतर्क्य असल्या तरी त्यांतली असूया, एकटेपणा, आपल्याच माणसांकडून होणारी उपेक्षा ओळखीची असते.

मी यात एक भर घालीन. योगायोगाने पात्रे संकटात सापडत असतील, तर मला त्याची अडचण वाटत नाही. योगायोगानेच ती संकटातून सुटू लागली, की माझे मन कथेतून बाहेर पडते. स्मृती गेलेल्या नायिकेला आपल्या मुलाशी परक्यासारखे बोलावे लागते, तो प्रसंग कितीही अशक्य असला तरी अभिनेत्रीच्या डोळ्यांत तो खरा होऊ शकतो. ती स्मृती केवळ डोक्याला मार लागून परत आली, तर तिच्या आजवरच्या धडपडीला अर्थ उरत नाही. तुम्हाला कोणत्या जागी रडू येते, ते एकदा पाहा. बहुधा ती जागा भेटीची नसून भेटीआधीच्या ताटातुटीची असेल, आणि तेथे लेखकाने मनापासून काम केलेले असेल.

प्रश्न : सारे भाग एका बैठकीत पाहावेत की रोज एक?

उत्तर : रोज एक, किंवा आठवड्याला एक. मेलबर्नच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात, एकाच बैठकीत मालिका पाहणाऱ्यांना ती दुसऱ्या दिवशी उत्तम आठवत होती, परंतु पुढे त्यांची आठवण सर्वांत लवकर पुसट झाली, आणि मालिका आवडल्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. माझे कारण त्याहून साधे आहे. दोन भागांच्या मधल्या वेळात आपण पात्रांच्या वतीने विचार करतो, त्यांनी काय करावे याचे वाद घालतो, आणि तो वेळही मालिका पाहण्याचाच भाग असतो.

प्रश्न : आवडती मालिका संपली. आता दुसरी पाहायला घेतली की मन लागत नाही. काय करावे?

उत्तर : जोनाथन कोहेन यांनी 2004 मध्ये इस्रायलमधील प्रेक्षकांना, आवडते पात्र पडद्यावरून गेले तर काय वाटेल, असे विचारले होते. पात्राशी नाते जितके घट्ट, तितकी अपेक्षित वेदना अधिक, असे त्यांना आढळले. तेव्हा ही अस्वस्थता म्हणजे त्या मालिकेला दिलेली दादच आहे. लगेच तशाच धाटणीची मालिका मात्र घेऊ नका. तिच्यातील प्रत्येक पात्राची तुम्ही जुन्याशी तुलना कराल आणि नव्यावर अन्याय होईल. काही काळ थांबा, नंतर अगदी वेगळ्या प्रकारची, शक्यतो मोजक्या भागांत संपणारी मालिका निवडा. संपलेल्या मालिकेचा पहिला भाग पुन्हा पाहायची इच्छा झाली, तर अवश्य पाहा. शेवट ठाऊक असताना पहिल्याच प्रसंगात लेखकाने काय काय पेरून ठेवले होते, ते दिसू लागते.